कॉम्प्युटरबाहेर जात नाही

वाघचौरे साहेब बढतीच्या परीक्षेसाठी टायपिंगच्या सरावाला बसले आणि घोटकर बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. स्क्रीनवर बाईंनीच सकाळी सरावासाठी घातलेला मजकूर उघडला होता: "आमचे साहेब म्हणजे खुर्चीत ठेवलेलं पोतं. जेवलं की घोरतं, रजा मागितली की गुरगुरतं."

टायपिंग सरावाच्या त्या वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं, 'तुमचा मजकूर या कॉम्प्युटरबाहेर जात नाही.' बाईंनी ते तीनदा वाचून मगच मन मोकळं केलं होतं. मजकूर खरंच कुठे गेला नव्हता. पण ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता, आणि बाईंच्या बदलीचा अर्ज साहेबांच्या सहीसाठी टेबलावर पडून होता.

"साहेब, दुसरा धडा लावून देऊ का?"

"गप्प बसा हो बाई! वेळ चालू झालीय."

साहेब दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून ठोकू लागले. 'पो' झालं, 'तं' झालं. बाईंनी पदराने घाम पुसला. पण तीस वर्षं न वाचता सह्या करणारा माणूस तो! त्याला अक्षरं दिसत होती, अर्थ कुठला दिसायला?

वेळ संपली तसे साहेब खुर्चीतून उडालेच. "एकही चूक नाही! बघितलंत? आणा तो तुमचा अर्ज." त्या भरात त्यांनी सही ठोकली.

बाईंचा जीव भांड्यात पडतोय, तोवर साहेबांनी प्रिंटचं बटण दाबलं.

"खाली माझं नाव घाला आणि नोटीस बोर्डावर लावा, बाई. कळू दे सगळ्या ऑफिसला!"