हिरवं पाकीट

टक्! भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि यीचुनच्या लक्षात आलं, आपण सवयीने तिघांचा भात लावलाय. सर्व्हरवर नेटवर्कवरून डेटाचं पुढचं पॅकेट यायच्या आत त्याला लागणारी माहिती प्रोसेसरजवळ आणून ठेवायची, प्रोसेसरला क्षणभरही ताटकळू द्यायचं नाही, हेच तिचं ऑफिसातलं काम. परवा त्याची अखेरची चाचणी जमली, पण ती उरकून यीचुन दवाखान्यात पोचली तोवर आजारी नवरा गेला होता. सर्व्हरने शहाण्यासारखं वागावं म्हणून शिंचू शहरातल्या ऑफिसांत त्याच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. या खेपेचं नवऱ्यानेच दवाखान्यातल्या खाटेवरून तिच्या हातात दिलं होतं. “ने बाई तुझ्या लाडक्याला! मी काय पळून जातोय थोडाच?” आज ऑफिसातल्यांनी ते घरी पोचवलं. लेकीने ते घट्ट उराशी धरलं. “आई, हे ठेवलं की मशीन खरंच शहाण्यासारखं वागतं?” “हो गं राणी.” “मग हे बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनवर का नाही ठेवलंस?”