बहिणीच्या भेटीला

गुरवकाकांनी अंगातलं लाइफ जॅकेट काढलं आणि मांडीवरच्या देवीच्या मुखवट्याला गुंडाळलं. खाडीपलीकडच्या गावात देवीची बहीण असते. वर्षातून एकदा देवी होडीने तिच्या भेटीला जाते.

शेवंताने इंजिन बंद केलं. होडी तिची, परवानाही तिच्याच नावाचा.

“काका, जॅकेट घाला. नियम आहे, त्याशिवाय होडी हलणार नाही.”

“जेवढी माणसं तेवढीच जॅकेटं आणलीस. मग देवीला काय? मी म्हातारा झालो, माझं राहू दे.”

होडीतली बाकीची माणसं पाण्याकडे बघू लागली. ओहोटी लागली होती. उशीर झाला तर पलीकडे चिखलात उतरावं लागलं असतं.

“तुम्ही बुडालात तर तिला धरणार कोण?” शेवंताने हळूच विचारलं.

काकांनी मुखवट्यावरचं जॅकेट सोडवलं. मग त्यांनी ते अंगात घातलं, देवीला छातीशी धरलं, आणि शेवंताने दोघांवरून पट्टा आवळला.

पलीकडच्या धक्क्यावर बायका ओटी भरायला उभ्या होत्या. पहिलीने देवीला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं जॅकेटला.