वरचे पाच पाउंड

इथं कैरोत मोबाइलवरून विजेचं बिल भरलं, तर कंपनीनं 'सेवाशुल्क' म्हणून वरचे पाच पाउंड गुपचूप कापले. आमच्या ह्यांनी भर रोज्यात कंपनीला फोन लावला. मी शेजारीच तसबीहची जपमाळ ओढत बसले होते.

"मोबाइल माझा, बोट माझं, बटणही मीच दाबलं. मग तुम्ही सेवा कसली केलीत?"

"काका, तसा नियमच आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंत? आमचा खाटीकसुद्धा हाड दाखवून मग तोलतो!"

दुपार कलून अस्रच्या नमाजाची अजान झाली तरी हे हटेनात. मी खुणेनं म्हटलं, सोडा आता. तर मलाच म्हणाले, "तू गप गं फातेन, प्रश्न हक्काचा आहे!"

शेवटी ती पोरच दमली. "बरं हाजीकाका, पाच पाउंड परत करते. आमच्याकडून समजा."

आता कैरोत टॅक्सीवाल्यापासून खाटकापर्यंत सगळेच पैसे घेण्याआधी "राहू द्या, आमच्याकडून" म्हणतात. ते खरं मानून पैसे खिशात ठेवील तो घरंदाज कसला! ह्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं,



"छे छे पोरी, अल्लाची शपथ, तुला ठेवून घ्यावेच लागतील!"