राखाडीचे दोन पट्टे

निवृत्ती हा दुसरबीडचा जुना रंगारी. शुगरमुळे त्याची नजर अधू होत चालली होती, पण तो ते मान्य करत नव्हता. उद्यापासून साखरखेर्ड्याला एका दुमजली घराचं काम होतं, बांबूच्या परांचीवर चढून.

त्याच्या बायकोने, मनकर्णाने, खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर फिकट राखाडीचे दोन पट्टे ओढले आणि त्याला हाक मारली.

"आपल्या खोलीले या दोनातला कोणता लावायचा, तुम्हीच सांगा."

निवृत्ती भिंतीजवळ गेला, मागे सरला, पुन्हा जवळ गेला.

"डावा जरा निळसर वाटते. उजवा लावू."

"नीट पाहा."

"काऊन? तीस वर्षं हेच करून राह्यलो ना मी."

मनकर्णाने हातातला डबा खाली ठेवला. दोन्ही पट्टे तिने एकाच डब्यातून ओढले होते. सारखेच आहेत, एवढं जरी तो म्हणाला असता, तरी तिने त्याला उद्या जाऊ दिलं असतं.

"एकच रंग हाय हो तो," ती म्हणाली.

निवृत्ती भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"मले तर एकबी पट्टा दिसत नाई, मनकर्णा. तू दोन म्हणाली, म्हणून मीबी दोन धरले."