मॉरिसचे नवे पाटे
लेक अहल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या दिवसापासून नरसिंहरावांना चैन पडेना. चिकपेटेच्या बाजारातून आणलेले स्प्रिंगचे नवे पाटे त्यांनी अंगणातच जुन्या मॉरिस गाडीला बसवले, फेरी मारली, पुन्हा जॅक लावला. तीन दिवस हेच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी याच गाडीतून तिला दवाखान्यात नेताना त्यांच्या हातून चाक खड्ड्यात आदळलं आणि तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आज ती पायरीवर येऊन बसली. “अण्णा, पुरे आता. ते गाडीमुळं झालं नव्हतं. बाळ आदल्या रात्रीच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं.” “मग बोलली का नाहीस?” “तुम्ही विषयच काढू दिला नाहीत.” नरसिंहरावांनी पाना उचलला. “उजवी बाजू स्वल्प कडक आहे,” पुटपुटत ते गाडीखाली शिरले. आवळायला एकही नट उरला नव्हता, तरी ते बराच वेळ तिथंच पडून राहिले.