जेवले गं आई

कंपनीतल्या संगणकांचे बॅकअप वेळेवर होतात ना, हे बघणं तिचं काम. "‘झालं’ असा मेसेज आला म्हणून निर्धास्त राहू नका, फाईल उघडून बघा," ती सगळ्यांना बजावायची. आईसाठी मात्र तिने फोनलाच कामाला लावलं होतं. रोज रात्री आठच्या ठोक्याला ‘जेवले गं आई’ आपोआप जायचं, मग ती ऑफिसात उपाशी का असेना. आज ती न कळवता घरी येऊन धडकली. आईने हरखून ताट वाढलं. पहिला घास घेणार तोच टेबलावरचा आईचा फोन वाजला. मेसेज वाचून आईने भरल्या ताटाकडे पाहिलं. "जेवलीस वाटतं." तेवढ्यात लेकीचाही फोन वाजला: ‘शहाणं गं माझं बाळ.’ आईच्या हातात तर भाजीचा डाव. "उत्तर आपोआप जायचं दादाने लावून दिलंय," आई पुटपुटली. दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. "जेव आता. मी समोर बसून बघते."