विहिरीजवळच्या ओळी

दुपारी एक वाजता फुलसावंगीच्या शेतात, आंब्याखाली सहलीची पंगत बसली असताना सात वर्षांच्या नयनला उलट्या सुरू झाल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या त्याच्या आईने, केतकीने, सकाळी स्वतः काकडी, टमाटर आणि शिमला मिरची तोडून त्याचा डबा भरला होता. सहलीला पाकिटातले काही द्यायचे नाही, हा तिचा नियम होता.

सासरे भगवानराव बांधावरून धावत आले. "सूनबाई, हे कोणत्या ओळीतलं तोडलं?"

"रस्त्याकडच्या. विहिरीजवळचं सगळं किडकं होतं, बाबा."

"किडकंच घरचं हाय वं माय. तिथं आपण औषध मारत नाही. रस्त्याकडं कालच मारलं."

"मी धुतलं होतं," केतकी म्हणाली.

वाटेतच नयनची शुद्ध हरपली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारले, "हे अजून कोणी खाल्लं का?"

भगवानरावांनी नातवाच्या तोंडाकडे पाहिले. "आमच्या घरचं कोणी नाही जी."

संध्याकाळपर्यंत नयन शुद्धीवर आला नव्हता. रस्त्याकडच्या ओळींतला बाकीचा माल सकाळच्या गाडीने यवतमाळच्या बाजारात पोचला होता आणि दुपारपर्यंत सगळा विकला गेला होता.